टोपीची भीती

"सोलापूर चार दिवस स्वतंत्र होतं ते दगडांमुळे, चरख्यामुळे नाही." चार हुतात्मा चौकात पुतळ्यांकडे बोट करून एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

१९३०च्या मे महिन्यात काय झालं हे सोलापूरकरांना सांगायला नको. कराडीला मध्यरात्री गांधीजींना अटक, गिरण्यांचा संप, ८ मेच्या गोळीबारात शंकर शिवदारे हुतात्मा, मग जाळपोळ, पोलिसांविना गेलेले ते चार दिवस आणि १२ मेपासून मार्शल लॉ.

त्या गृहस्थांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पोलीस हटले ते लोक खवळल्यावरच. पण पोलीस चौकी जाळणं वेगळं आणि चौकीचा धाक मोडणं वेगळं. जळलेली चौकी लष्कराच्या पहाऱ्यात पुन्हा उभी राहते. ती नसतानाही काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहून रहदारी सांभाळत होते, हे सरकारला जास्त झोंबलं असणार. नाहीतर मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घालणं गुन्हा कशाला ठरलं असतं? टोपीने काही पेट घेत नाही.

गिरणगाव म्हणून सोलापूरचा विचार केला की मला नेहमी इथल्या भाषा आठवतात. १८७७च्या जुन्या मिलपासून इथे मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एकाच भोंग्यावर उठल्या. या उठावासाठी पुढे फाशी गेलेल्या, चौकातल्या त्या चार हुतात्म्यांची नावं वाचा: मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. सभेत एकत्र या म्हणून सांगणं सोपं. हे शहर न सांगता एकत्र होतं.

इथवर आल्यावर मला गांधीजींना चौकीच्या त्या आगीपासून बाजूला काढायचं होतं. जमत नाही. १९२२मध्ये चौरीचौऱ्याला पोलीस जाळले गेले तेव्हा त्यांनी आंदोलनच थांबवलं होतं. १९३०मध्ये मात्र एक जरी सत्याग्रही उरला तरी लढा थांबणार नाही, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. कुठेतरी हिंसा होईल, या धास्तीने सगळा देश पुन्हा थांबवायचा नाही, हा तो निर्णय. मला तो बरोबर वाटतो. पण मग सोलापूरची आग त्यांच्या हिशेबाबाहेरची राहत नाही. स्वयंसेवकांचा संयम गांधींचा आणि मंगळवार पेठेतली जळलेली चौकी दुसऱ्या कुणाची, अशी वाटणी मला आता करवत नाही.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली त्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. गांधीजी तेव्हा त्याच तुरुंगात होते आणि दोन आठवड्यांनी सुटले. मार्चमध्ये व्हाइसरॉय आयर्विनशी त्यांचा करार झाला, सत्याग्रही कैद्यांची सुटका ठरली. हिंसेच्या आरोपाखालचे त्यातून वगळले होते. म्हणजे हे चौघे तोवर जगले असते, तरी त्या करारात बसले नसते.