गाडी उभी असताना

माणूस ओळखावा कसा, याबद्दल आपल्याकडे सल्ल्यांची टंचाई कधीच नव्हती. कुणी म्हणतं प्रवासात ओळखावा, कुणी म्हणतं पैशाच्या व्यवहारात ओळखावा, तर कुणी म्हणतं पंगतीत जिलबीवाला त्याला विसरून पुढे गेला, की त्या क्षणी ओळखावा. यात मी माझी एक भर घालतो : माणूस आणि मोटार ही दोन्ही उभी असताना ओळखावीत. धावताना सगळेच बरे दिसतात.

जुन्या मोटारींना एक विकार जडतो. साठच्या वेगाने गाडी लोण्यासारखी जाते आणि सिग्नलला थांबली, की हिवताप आल्यासारखी थरथरू लागते. आरसा हलतो, आरशातला मागचा ट्रक हलतो, डॅशबोर्डावरचा गणपती हलतो, आणि शेजारी बसलेल्या बायकोचा आपल्यावरचा विश्वास हलतो. मेस्त्री लोक याला 'मिसिंग' म्हणतात. काहीतरी हरवलं आहे, असा त्या शब्दाचा सूर आहे, आणि तो अगदी बरोबर आहे. चार सिलिंडरांपैकी एखाद्याचा ठोका हरवलेला असतो. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांना एक, या हिशेबाने प्रत्येक सिलिंडरने ४०० ठोके द्यायचे, चौघांनी मिळून १६००. त्यातला एक जण कामचुकारपणा करू लागला, की उरलेले तिघे ओझं ओढतात आणि सगळं घर हादरतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

पण मग धावताना हा विकार जातो कुठे? जात कुठेच नाही. वेगात फ्लायव्हीलची गती चुकलेला ठोका सांभाळून नेते. शिवाय उभ्या गाडीत कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन बंद दाराच्या फटीतून श्वास घेत असतं. ओढ जबर आणि हवा मोजकी. अशा वेळी बुडाच्या गॅस्केटला केसाएवढी चीर असली, तरी तिच्यातून चोरून आलेली हवा त्या मोजक्या हवेत मोठी ठरते. मिश्रण पातळ होतं आणि ठोका चुकतो. धावत्या गाडीत दार सताड उघडं, तिथे त्या चोरट्या हवेला विचारतो कोण? लग्नाच्या पंगतीत एखादा आगंतुक जेवून गेला तर कुणाला कळत नाही. घरी चौघांचा स्वयंपाक झालेला असताना तो आला, तर आमटीत पाणी घालावं लागतं.

आमच्या मेहुण्याकडे १९८४ सालची पद्मिनी होती. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले होते. मेहुण्याची मात्र जिवंत होती आणि सिग्नलला थरथरत होती. यात कारखान्याचा काडीचाही दोष नाही. चाळीस वर्षांत रबर कडक होतंच. मेहुण्याच्या हट्टापायी मी तिच्याबरोबर मेस्त्रीकडे गेलो आणि निदान म्हणजे काय ते तिथे बघितलं.

मेस्त्रीने पहिली दहा मिनिटं गाडीला हातच लावला नाही. नुसता उभा राहिला आणि ऐकत राहिला. मग मागे जाऊन धूर पाहिला. आपल्या नैयायिकांनी डोंगरावरचा धूर पाहून तिथे अग्नी आहे, असं अनुमान करायला शिकवलं. मेस्त्री त्यांच्या एक पाऊल पुढे असतो. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातंय, निळा असेल तर ऑइल जळतंय, हेही तो सांगतो. मग त्याने चारही प्लग काढून, वैद्याने जीभ बघावी तसे बघितले. बिस्किटाच्या रंगाचा प्लग म्हणजे प्रकृती उत्तम, काजळी धरलेला म्हणजे अतिआहार, पांढरटलेला म्हणजे उपासमार. नंतर रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक तो कार्ब्युरेटरभोवती फिरवू लागला. एका जागी थांबला आणि म्हणाला, "साहेब, इथून हवा खातेय." माणसाने हवा खाल्ली तर प्रकृती सुधारते, इंजिनाने खाल्ली तर बिघडते, एवढाच काय तो फरक.

खरी परीक्षा पुढेच होती. इंजिन चालू ठेवून मेस्त्रीने जाड रबराची मूठ असलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर उपटायला सुरुवात केली. (वाचकांनी हे घरी करू नये. त्या वायरीत काही हजार व्होल्ट असतात.) पहिली काढली, इंजिन आणखी लंगडलं. म्हणजे पहिला सिलिंडर काम करत होता. पुन्हा लावली, दुसरी काढली, तेच. तिसरी काढली आणि काहीच फरक पडला नाही! ज्याच्या नसण्याने काही बिघडत नाही, तोच गुन्हेगार. आपल्या तर्कशास्त्रात याला व्यतिरेक म्हणतात, आणि जॉन स्टुअर्ट मिलनेही १८४३ साली एका जाडजूड ग्रंथात बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहण्याची रीत सांगितली आहे. आमच्या मेस्त्रीने मिल वाचला नव्हता, पण "एका वेळी एकच स्क्रू, साहेब" हे त्याने पोऱ्याला शिव्या देत तीनदा सांगितलं. ही परीक्षा कचेरीत घ्यायची ठरवली तर? एकेकाला आठवडाभर रजेवर पाठवायचं आणि थरथर वाढते का ते पाहायचं. पुष्कळांच्या बाबतीत काहीच फरक पडणार नाही, आणि दोघा-तिघांच्या बाबतीत थरथर थांबेल! म्हणूनच ही परीक्षा कुठल्याच कचेरीत होत नाही.

गॅस्केट स्वस्तात बदललं. थरथर बरीचशी गेली, पण सगळी गेली नाही. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह झिजला होता. त्यासाठी हेड उतरवायला हवं होतं आणि तो खर्च मोठा होता. इथे नीतिशास्त्र सुरू झालं.

कार्ब्युरेटरच्या अंगाला एक छोटासा स्क्रू असतो. गाडी उभी असताना झडप कितपत उघडी राहावी, हे तो ठरवतो. अर्धा फेरा पिळला, की इंजिनाचे फेरे वाढतात आणि थरथर नाहीशी होते. म्हणजे झाकली जाते. गाडी बघायला रविवारी एक निवृत्त मास्तर येणार होते. मेहुणा म्हणाला, "मेस्त्री, स्लो जरा वाढवून द्या." मेस्त्री म्हणाला, "देतो की. पण मास्तरांना सांगणार कोण, तुम्ही की मी?"

मेहुणा माझ्याकडे वळला. "भाऊजी, यात खोटं काय आहे? मी तोंडातून एक शब्द तरी काढणार आहे का? आणि स्क्रू कंपनीनेच दिलाय ना?"

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. स्क्रू पिळणं हे पाप असतं, तर तो दिलाच नसता. थंडीच्या दिवसांत सकाळी आपण चोक ओढतोच. त्यानेही इंजिन जास्त पेट्रोल पिऊन जास्त फेरे घेतं, आणि त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. गारठलेल्याला तेवढा आधार लागतो. पण चोकची एक अट असते : इंजिन गरम झालं, की तो आत ढकलायचा. दिवसभर ओढून ठेवला तर प्लग काळे पडतात. तेव्हा मला वाटतं, स्क्रू पिळायला हरकत नाही, पण दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. हा आधार आहे की झाकण? आणि झाकण असेल, तर त्याची किंमत कोण मोजणार? मेहुण्याच्या बाबतीत ती मास्तरांची ग्रॅच्युइटी मोजणार होती. त्याने बरीच कुरकुर केली, पण शेवटी स्क्रूला हात न लावता मास्तरांना तिसऱ्या सिलिंडरसकट गाडी दाखवली. किंमत उतरली. मास्तर मात्र खूश. ते म्हणाले, "काय बिघडलंय ते माहीत असलेली गाडी मी पहिल्यांदाच बघतोय."

इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत तर आतला संगणक न विचारता हा स्क्रू स्वतःच पिळत असतो. बिघाड पुरेसा मोठा होईपर्यंत मालकाला पत्ताच लागत नाही. माणसं या बाबतीत फार आधीपासून आधुनिक आहेत.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका सोसायटीचे चिटणीस आहेत, हास्यक्लबाचे खजिनदार आहेत, ज्येष्ठ नागरिक संघात आहेत, गणेशोत्सवात आहेत आणि वाचनालयाच्या तीन उपसमित्यांवर आहेत. काकू गेल्या त्याच्या पंधराव्या दिवशी त्यांनी पहिली समिती घेतली. सगळे म्हणाले, बरं झालं, मन रमेल. बरोबरच होतं ते, गारठा मोठा होता. पण त्याला आता चार वर्षं झाली. चोक अजून बाहेरच आहे आणि गाडी रात्री बारापर्यंत गुरगुरत असते. ही किंमत कोण मोजतंय, ते त्यांच्या डोळ्यांखाली दिसतं.

त्यांना हे सांगायचा अधिकार मला आहे का? गाडी विकायला काढलेली नाही, गिऱ्हाईक फसत नाही. नीतिशास्त्र इथे मला एकट्याला सोडून निघून जातं. परवा मी नुसता त्यांच्याकडे जाऊन बसलो. ते विषयपत्रिका काढायला उठले. मी म्हटलं, "काका, आज काम काही नाही." ते बसले. थोड्या वेळाने त्यांच्या हातातल्या कपाला बशीवर बारीक कंप सुटला. मी काही बोललो नाही. मेस्त्रीसुद्धा पहिली दहा मिनिटं नुसता ऐकत उभा राहतो.