किटी-कॉर्नरमध्ये मांजर शोधू नकोस

चि. मुक्ता,


शिकागोत औषधाचं दुकान विचारलंस, समोरच्या बाई ‘बँकेच्या किटी-कॉर्नर’ म्हणाल्या आणि तू नुसती मान डोलावून निघालीस, हे तुझ्या आईकडून कळलं. न कळलेल्या शब्दाला मान डोलावण्यापेक्षा पुन्हा विचारलेलं केव्हाही बरं.

चौकाच्या एका कोपऱ्यावर बँक असेल, तर तिच्या तिरप्या समोरचा कोपरा म्हणजे किटी-कॉर्नर. तिथे जायला दोन रस्ते ओलांडावे लागतात. ‘अक्रॉस द स्ट्रीट’ म्हणाले, तर एकच. घाईत चौकाच्या मधून तिरपी धावू नकोस. दोन्ही वेळा सिग्नल पाहा. शिकागोचे बहुतेक रस्ते काटकोनात छेदतात, म्हणून तिथे हा शब्द पदोपदी कामी येईल.

यात मांजर मुळात नव्हतंच. फ्रेंचमध्ये चारला ‘कात्र’ म्हणतात. त्यावरून जुन्या इंग्रजीभाषकांनी फाशावरच्या चाराला ‘केटर’ म्हटलं. लुडोचा फासा आठव: चार ठिपके चार कोपऱ्यांत बसलेले. सोळाव्या शतकात ‘केटर’ला तिरपं जाण्याचा अर्थ मिळालेला होता; एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘केटर-कॉर्नर्ड’ रुळलं. पुढे ‘केटर’ म्हणजे काय हेच लोक विसरले, आणि तोंडातल्या तोंडात त्याचं ‘कॅटी’, ‘किटी’ झालं. फ्रेंच ‘कात्र’ ज्या लॅटिन शब्दातून आला, तो आणि संस्कृत ‘चतुर्’ एकाच मुळाचे. आपला ‘चौक’ही त्याच घरचा, तेव्हा हा शब्द तुला परका नाही.

उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे ‘किटी’ जास्त ऐकू येईल, दक्षिणेकडे ‘कॅटी’. उद्या अटलांटात नोकरी लागली, तर तिथल्यासारखं बोल. मूळ रूप सांगून कुणाला दुरुस्त करायला जाऊ नकोस. कुणी ‘कॅटीवॉम्पस’ म्हणालं, तर मात्र नीट विचारून घे. त्याचा अर्थ कुठे तिरपं, तर कुठे नुसतं वाकडंतिकडं.

आणि हा शब्द बोलण्यापुरताच ठेव. अर्जात, भाडेकरारात तो नको. कधी ९११ला फोन करायची वेळ आलीच, तर कोपऱ्याचं वर्णन करत बसू नकोस. आधी छेदणाऱ्या दोन्ही रस्त्यांची नावं सांग. रोज जाता-येता ती पाट्यांवरून वाचत जा, म्हणजे ऐनवेळी तोंडात येतील.

तुझा,
काका