पंचवीस डिसेंबरची दोन कामे



गेल्या पौर्णिमेला कडेगावच्या आमच्या वस्तीत वंदना झाली. नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरातील एका माउलीने मला विचारले, "गुरुजी, आपलं सण तिथीनं धरायचं का तारखंनं?" प्रश्न रास्त आहे. आपल्या कडेगावचे उंच ताबूत साऱ्या मुलखात प्रसिद्ध. मोहरम चंद्रावर चालतो, म्हणून ते दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. वैशाख पौर्णिमाही तिथीचीच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली त्या दिवशी विजयादशमी होती, म्हणून कोणी तारीख पाळतो, कोणी दशमी. त्यावरून भांडू नये. पण एक दिवस तारखेनेच धरावा लागतो, कारण त्या एकाच तारखेला बाबासाहेबांच्या हयातीत सत्तावीस वर्षांच्या अंतराने दोन कामे झाली. ती तारीख २५ डिसेंबर.

पहिले काम महाडचे. २० मार्च १९२७ रोजी आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याबद्दल त्यांना मारहाण झाली आणि नंतर तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद भरली. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. (मिळून ताबूत उचलणाऱ्या आपल्या गावाने हे नाव विसरू नये.) मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, ते जन्माने ब्राह्मण. राजभोजांनी अनुमोदन दिले. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री नऊच्या सुमारास मंडपापुढे खणलेल्या खड्ड्यात अस्पृश्य साधूंच्या हस्ते ते पुस्तक जाळण्यात आले. कोर्टाच्या मनाईमुळे तळ्यावरचा सत्याग्रह त्या वेळी तहकूब करावा लागला. पोथी मात्र जळाली.

दुसरे काम पुण्याजवळ देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी. तिथल्या आपल्या लोकांनी देऊळ बांधायला घेतले होते ते चोखोबासाठी. बाबासाहेबांनी तिथे रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसविली. हजारो स्त्री-पुरुष जमले होते. बुद्धाची शिकवण लोकांना सोप्या भाषेत सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, हेही त्यांनी त्या दिवशी सांगितले.

पोथी जाळायला एक रात्र लागली. तिच्या जागी काय ठेवायचे, हे शोधण्यात सत्तावीस वर्षे गेली. मधे १९३५ ची येवल्याची घोषणा झाली, संविधान झाले, पण हा शोध थांबला नाही.

तथागतांच्या काळातही असेच घडले होते. उरुवेला काश्यप आणि त्याचे दोन भाऊ हे अग्निपूजक जटिल. तिघांचे मिळून एक हजार शिष्य. तथागतांना शरण आल्यावर त्यांनी जटा आणि अग्निहोत्राचे सामान नेरंजरा नदीत सोडून दिले. एवढ्यावर तथागतांनी त्यांना घरी पाठविले नाही. गयाशीर्षावर नेऊन त्यांना सांगितले की बाहेरचा अग्नी तुम्ही सोडलात, पण डोळे, कान, मन अजून लोभाने, द्वेषाने, मोहाने पेटलेले आहेत. सामान नदीत गेल्यावरच खरा उपदेश सुरू झाला!

आता आपल्या घराकडे पाहा. दीक्षेच्या वेळी तुम्ही देव्हाऱ्यातले टाक विसर्जन केलेत, चांगले केलेत. पण त्या देवळीत आज काय आहे? काही घरांत मी रॉकेलची चिमणी पाहिली, काही घरांत बाबासाहेबांची तसबीर पाहिली आणि तिच्याच मागे देवऋष्याने दिलेल्या अंगाऱ्याची पुडीही पाहिली. लेकरू तापाने फणफणले की आजीचा जीव राहत नाही, हे मला कळते. तिला रागावू नका, दवाखान्यात सोबत न्या. मला खरी भीती अंगाऱ्याची नाही, वेगळ्याच गोष्टीची आहे.

गेल्या आठवड्यात एक बाप शाळेत मुलीचा दाखला मागायला आला. मुलगी आठवीत, गणितात हुशार. बावीस प्रतिज्ञा त्याने माझ्यासमोरच घेतलेल्या. म्हणाला, "पोरगी परक्याचं धन, गुरुजी. तोडीला चारजण जाणार, धाकट्याला कोण बघंल?" ऊसतोडीची अडचण खोटी नाही, मीही तसल्याच घरात वाढलो. पण 'परक्याचं धन' हे बोल कुठून आले? बाईने बापाच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या ताब्यात राहावे, असे सांगणाऱ्या त्या पोथीतूनच ना? जी पोथी महाडला जाळली, तीच आपण तोंडपाठ म्हणत आहोत, आणि म्हणत आहोत हे आपल्याला ठाऊकही नाही. महाडला परिषद संपताना बाबासाहेब मुद्दाम स्त्रियांशी बोलले होते. त्यांना लुगडी नेसण्याची जुनी रीत सोडायला सांगितली आणि मुलींना शिकवायला सांगितले.

त्या बापाला मी दाखल्यासाठी २५ डिसेंबरपर्यंत थांबायला सांगितले आहे. त्या संध्याकाळी वस्तीत त्रिसरण-पंचशील झाल्यावर महाडची आणि देहूरोडची हकीकत वाचली जाईल. ती वाचायला मी त्याच मुलीचे नाव घातले आहे, आणि बापाला पुढे बसवणार आहे. धाकट्याला सांभाळायला वस्तीतली दोन घरे तयार झाली आहेत, हेही त्याला तिथेच सांगेन. तुम्हीही आपापल्या मुलींना घेऊन या.