सहाव्या दिवशी दुप्पट

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या कोणत्याही फौंड्रीत भट्टीच्या विसाव्याचा हिशेब काटेकोर ठेवलेला असतो. इंडक्शन फर्नेसचं लायनिंग झिजलं की भट्टी थंड करायची, जुना थर फोडून काढायचा, नवा भरायचा आणि मगच पुन्हा लोखंड वितळवायचं. याच्याशी कुणी हुज्जत घालत नाही. लायनिंग फुटून रस बाहेर आला तर काय होतं, हे मालकापासून हेल्परपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या विसाव्याला मात्र एवढा मान मिळत नाही. माल वेळेत निघायचा असला की दुसरी शिफ्ट त्याच्याच अंगावर येते आणि घरखर्चाची ओढाताण असल्यामुळे तोही डबल ड्यूटीला नाही म्हणत नाही.

ख्रिस्ती माणूस म्हणून मला हा प्रश्न आधी धर्माचा वाटतो, कायद्याचा नंतर. विसाव्याची आज्ञा दहा आज्ञांपैकी एक आहे. खून करू नको, चोरी करू नको, यांच्याच पंक्तीत ती बसलेली आहे. तरीही आपल्या मंडळ्यांमध्ये चोरीला पाप म्हणतात आणि न थांबता राबणाऱ्याचं कौतुक करतात. ‘तो कधी सुट्टी घेत नाही’ हे वाक्य आपण प्रशंसा म्हणून उच्चारतो. ज्या आज्ञेसाठी मोशेच्या नियमशास्त्रात इतकी जागा खर्ची पडली, ती आपण तब्येतीच्या सल्ल्याएवढी हलकी करून टाकली आहे.

ही आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी कारण वेगळं दिलं आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात कारण सृष्टीचं आहे: देवाने सहा दिवस निर्मिती केली आणि सातव्या दिवशी तो थांबला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण गुलामगिरीचं आहे: तुम्ही मिसर देशात दास होता, हे विसरू नका. शिरोलीत उभं राहून वाचावं ते हे दुसरं कारण. मिसरमध्ये इस्राएल लोक विटा पाडत होते. त्यांनी देवाच्या उपासनेसाठी सुट्टी मागितली, तेव्हा फारोने त्यांना आळशी ठरवलं, पेंढा देणं बंद केलं आणि विटांचा आकडा मात्र तोच ठेवला. कच्चा माल कमी, टार्गेट तेवढंच. तीन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट मोल्डिंग लाइनवरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

शिवाय ही आज्ञा घरातल्या कर्त्या पुरुषाला एकट्याला सोडत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांची नावं त्यात घेतली आहेत. परक्याचं नाव तिथे आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. आज आपल्या वेशीच्या आत परराज्यातून आलेला, एका खोलीत अनेकांबरोबर राहणारा, ठेकेदाराच्या हजेरीवर जगणारा कामगार आहे. माझा विसावा त्याच्या जादा शिफ्टवर उभा असेल, तर तो शास्त्रातला विसावा नव्हे. ती माझी चैन झाली.

यावर कारखान्यातला माणूस विचारेल, की थांबलो तर खायचं काय? प्रश्न रास्त आहे आणि शास्त्राने तो टाळलेला नाही. रानात भटकणाऱ्या लोकांना रोज सकाळी मान्ना मिळायचा, तो त्या दिवसापुरताच. साठवला तर त्यात किडे पडायचे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा आणि तो सातव्या दिवशीही टिकायचा. म्हणजे थांबायला सांगण्याआधी देवाने थांबण्याच्या दिवसाची भाकर दिली. भरपगारी सुट्टीचा याहून जुना दाखला मला माहीत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला आपण ‘रविवारी आराम कर’ म्हणतो आणि त्या दिवसाची मजुरी कापतो, तेव्हा आज्ञेचा अर्धाच भाग पाळतो. ज्या अर्ध्या भागाला पैसे पडतात तो सोडून देतो.

ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. मालाच्या गाड्या अडकल्या, कित्येकांना कामावर पोहोचता आलं नाही. काम थांबलं होतं, पण त्याला विसावा कोण म्हणेल? पुढच्या पगाराची धास्ती घेऊन घरी बसलेल्या माणसाचं अंग मोकळं होत नाही. ख्रिस्ती परंपरेतला विसावा भरवशातून येतो. मी हात बाजूला ठेवले तरी जग कोसळणार नाही, आणि माझं घरही उपाशी राहणार नाही, हा तो भरवसा. त्याचा पहिला भाग देवाकडून येतो. दुसरा भाग देवाने माणसांवर सोपवला आहे.

महाराष्ट्राच्या भूमीत हा दिवस कसा रुजला, हे आपण ख्रिस्ती लोकांनी नम्रपणे पाहावं असं आहे. कोकणातले बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. बरीचशी हिब्रू भाषा विसरलेल्या या लोकांनी थांबण्याचा दिवस विसरू दिला नाही. आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती कुणा मिशनऱ्यामुळे नव्हे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागणी 1884 पासून लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मांडलं होतं. कोल्हापूरकरांना हे पटायला वेळ लागणार नाही, कारण आपल्याकडे तोच जोतिबाचा वार. मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथे रविवार प्रभूचा दिवस म्हणून पाळला जातो आहे. पण कामगाराच्या हातात तो दिवस देण्याची लढाई खंडोबाचं नाव घेणाऱ्या माणसाने लढली, आणि त्याचं ऋण आपण मानलं पाहिजे.

स्वतः येशूवर विसाव्याचा दिवस, म्हणजे शब्बाथ, मोडल्याचा आरोप होता. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं वाकलेल्या बाईला तो शब्बाथ दिवशी सभास्थानात सरळ उभं करतो. सभेचा अधिकारी रागावतो, तेव्हा येशू त्याला त्याच्याच गोठ्याची आठवण करून देतो: बैल, गाढव पाण्यावर न्यायला तुम्ही शब्बाथ दिवशीही सोडताच ना? मग हिला बंधनातून का सोडू नये? त्याच्या दृष्टीने तो दिवस सोडवणुकीचा होता. म्हणूनच मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी उभारलेल्या रुग्णालयात रविवारी ड्यूटीवर असलेली नर्स आज्ञा मोडत नाही. मात्र तिचा हक्काचा दिवस आठवड्यात दुसरीकडे पडलाच पाहिजे. 1948 च्या कारखाने कायद्यानेही हेच तत्त्व मानलं होतं: रविवारी काम घेतलं तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत सुट्टी द्या, आणि कोणत्याही परिस्थितीत सलग दहा दिवसांहून जास्त राबवू नका.

विसावा हे कामाचं बक्षीस आहे, असं आपण मुलांना शिकवतो. उत्पत्तीच्या पहिल्या पानावर क्रम उलटा आहे. माणूस सहाव्या दिवशी घडला, म्हणजे त्याच्या आयुष्यातला पहिला पूर्ण दिवस विसाव्याचा होता. स्विस धर्मपंडित कार्ल बार्थ यांनी यावर भर दिला होता. काहीही करून दाखवण्याआधी माणूस देवाजवळ बसला, काम त्यानंतर आलं. कृपेची सगळी शिकवण यात आहे. एलीया संदेष्टा खचून झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि मग पुन्हा खाऊ घातलं. देवाचा मंद स्वर त्याला ऐकू आला तो पुढे, पोट भरल्यावर आणि झोप झाल्यावर. रात्रपाळी करून सकाळी उपासनेत पेंगणाऱ्या तरुणाकडे वळून बघणाऱ्यांनी एलीयाची ही गोष्ट जरूर वाचावी.

आमच्या मंडळ्यांनीही रविवारी माणसांना दमवणं कमी करावं. सकाळी संडे स्कूल, मग उपासना, मग पंच कमिटी, दुपारी तरुण संघ, संध्याकाळी घरोघरची प्रार्थना. पाळकसाहेब आणि त्यांच्या घरातली माणसं या दिवशी सगळ्यात जास्त थकतात. शिरोलीत सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच येते असंही नाही. ज्यांची येत नाही त्यांच्यासाठी त्यांच्या सुट्टीच्या संध्याकाळी एखादी छोटी उपासना ठेवता येईल. ते शक्य आहे, फक्त कुणीतरी विचारायला हवं, की तुमची पाळी केव्हा सुटते?

आणि वाचकहो, तुम्ही कारखानदार असा, ठेकेदार असा, सुपरवायझर असा किंवा घरी धुण्याभांड्याला एक मावशी येत असोत, तुमच्या शब्दावर एका तरी माणसाचा दिवस अवलंबून आहे. या दिवाळीपासून त्या माणसाला आठवड्याचा एक दिवस द्या, आणि त्या दिवसाचे पैसे कापू नका.