तांबडी माती, फिकट पापणी

मुंबईहून प्रयागराजकडे जाणाऱ्या गाडीला जबलपूर सुटल्यावर, कटनी यायच्या आधी, सिहोरा रोड लागतं. सिहोरा-गोसलपूरचा हा पट्टा लोहखनिजाचा. मध्य भारतातले अगरिया लोक पिढ्यानपिढ्या असलं खनिज मातीच्या लहान भट्ट्यांत गाळून लोखंड काढत. व्हेरिअर एल्विन यांनी 1942 साली त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पायाखाली एवढं लोखंड, आणि त्याच मध्य प्रदेशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. महाराष्ट्राने नाक मुरडू नये. आपला आकडाही जवळपास तेवढाच होता.

हा रक्तक्षय ओळखायला गावच्या आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, घरी आल्या की बाईची खालची पापणी बोटाने हलकेच ओढून आत बघतात. आतली कड लालसर हवी, ती पांढुरकी दिसली की पुढचे प्रश्न सुरू होतात. जिना चढताना धाप लागते का? माती खावीशी वाटते का? या दुसऱ्या प्रश्नावर घरातल्या म्हाताऱ्या हसतात, कारण आपल्याकडे ते डोहाळ्यांत मोडतं. कुणाला भाजकी माती हवी असते, कुणाला गेरू, आणि शाळेतलं पोर पाटीची पेन्सिल कुरतडत बसतं. पुष्कळदा ही ओढ अंगातलं लोह कमी झाल्याची खूण असते. आता गेरू म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, मग खाल्ला तर बरंच की, असं कुणी म्हणेल. पण ते लोह पोटात नीट विरघळत नाही, आतड्याला उचलता येत नाही. वर मातीतून जंत येतात, आणि काही प्रकारची माती तर जेवणातलं लोहही धरून ठेवते.

शाळेत आपण पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, उत्सर्जन असे वेगळे धडे घोकले. प्रत्येकाची आकृती वेगळी, प्रश्न वेगळे. लोहाच्या मागे मागे चालत गेलं की हे धडे एकमेकांत मिसळायला लागतात. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम लोह. त्यातलं बहुतेक तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं, फुप्फुसात प्राणवायू धरायचा आणि स्नायूंपर्यंत, मेंदूपर्यंत पोचवायचा एवढ्यासाठी. पेशीचं आयुष्य सुमारे 120 दिवस. म्हातारी झालेली पेशी प्लीहा आणि यकृत मोडून काढतात. पण टाकून काही देत नाहीत. सोनाराकडे जुनी पाटली मोडीत घालून नवी घडवून घ्यावी, तसं त्यातलं लोह अस्थिमज्जेकडे परत जातं आणि नव्या पेशीत बसतं. मज्जेला दिवसाला 20-25 मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं जेवणातून येतं जेमतेम 1-2 मिलिग्रॅम, बाकी सगळी मोड.

रक्त कमी पडतंय हे आधी ओळखतं मूत्रपिंड. प्राणवायू कमी मिळाला की ते एक संप्रेरक सोडतं आणि मज्जा कामाला लागते. म्हणूनच मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला कितीही खाऊपिऊ घातलं तरी रक्त भरत नाही, त्या संप्रेरकाची इंजेक्शनं द्यावी लागतात. आतड्याच्या दाराची किल्ली यकृताकडे. अंगात संसर्ग असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, दार मिटतं, साठ्यालाही कुलूप लागतं. जंतूंनाही लोह हवं असतं ना! आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे खास वाटच नाही. इतकी काटकसर असलेल्या या घरात दर महिन्याला पाळीत रक्त जातं, बाळंतपणं होतात, आणि बाई जेवायला बसते सगळ्यांच्या शेवटी. हिशेब कुठे चुकतो ते कळायला डॉक्टर लागत नाही.

तरी फिकट दिसणाऱ्या प्रत्येकाला लोहाची गोळी, हा उपाय सगळीकडे चालत नाही. नागपूर भागात 1958 सालीच सिकलसेलची नोंद झाली होती. विदर्भापासून महाकोशलापर्यंत हा आजार घरोघर ऐकलेला. त्यात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि 10-20 दिवसांतच मोडतात. वाकलेल्या पेशी अडकून अडकून प्लीहाही निकामी होऊ शकते. इथे दुखणं पेशीच्या घडणीतच असतं, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात तर लोह जास्तच साचतं. जबलपूरची राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था यावर काम करते, आणि सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाली.

तेव्हा घरातलं कुणी माती किंवा पेन्सिल खाताना दिसलं, तर रागावू नका, आधी रक्त तपासून घ्या. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अडवतो. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. आंबट भाजी लोखंडी कढईत करा. आणि उद्यापासून घरातल्या बाईचं ताट सगळ्यांच्या बरोबरीने वाढा.