परस्परांचे पाय

नेतृत्व म्हणजे सेवा, हे वाक्य आपल्या ख्रिस्ती समाजात आता इतके रुळले आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कुणाला भासत नाही. एखाद्या संस्थेची कार्यकारिणी बदलली की नवे अध्यक्ष पहिल्याच भाषणात आपण अध्यक्ष नसून सेवक आहोत असे सांगतात आणि टाळ्या पडतात. त्यांच्या बोलण्यात खोटेपणा असतो, असे आम्ही म्हणत नाही. परंतु एक प्रश्न शिल्लक राहतोच. सेवा करता करता माणूस नकळत धनी बनू शकतो काय? आणि तसे होत असेल, तर नम्र सेवा ओळखावी कशी?

देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली, हे आपण सारे जाणतो. जो नेहमी देतच राहतो, त्याचा हात नेहमी वरच राहतो. धर्मग्रामातील एखादा कार्यकर्ता वर्षानुवर्षे राबतो. सणाची तयारी तोच करतो, सभागृहाच्या किल्ल्या त्याच्याकडे, हिशेब त्याच्या डोक्यात. मग एखादा तरुण काही नवे सुचवू लागला की त्याला ऐकावे लागते, ‘‘आम्ही वीस वर्षे हाडांची काडे केली, तेव्हा तुम्ही कुठे होता?’’ येथे सेवा संपलेली नसते. पण ती आता मालकीचा दस्तऐवज झालेली असते. घरातल्या कर्त्या माणसाचेही असे होते आणि आम्हा धर्मगुरूंचेही होऊ शकते. अशी सत्ता ओळखणे कठीण, कारण तिच्या कमरेला रुमाल बांधलेला असतो.

म्हणूनच शेवटच्या भोजनाच्या रात्रीकडे पुन्हा एकदा नीट पाहिले पाहिजे. संत लूक सांगतो की त्याच मेजाभोवती आपल्यात थोर कोण यावरून शिष्यांत वाद झाला. संत योहान त्या रात्रीच्या वृत्तांतात ख्रिस्तप्रसादाच्या स्थापनेचे शब्द देत नाही. तो पाय धुण्याचा प्रसंग देतो. धुळीने माखलेले पाय धुणे हे दासाचे काम, आणि तेही इतके हलके की हिब्रू दासाकडून ते करवून घेऊ नये, असे यहुदी शास्त्र्यांची परंपरा सांगे. प्रभूने अंगावरचे वस्त्र उतरवले, रुमाल कमरेला बांधला आणि बाराही जणांचे पाय धुतले. त्यांत यहूदाचेही पाय होते. त्यानंतर प्रभूने वस्त्र पुन्हा परिधान केले, तो आपल्या जागी बसला आणि शिष्य आपल्याला गुरू व प्रभू म्हणतात ते योग्यच आहे, असेही त्याने सांगितले. नम्रता म्हणजे आपल्याला अधिकार नाही असे भासवणे नव्हे, हे यावरून ध्यानी येते. अधिकार होता, तो गुडघ्यांवर आला.

या प्रसंगात पेत्राने प्रथम नकार दिला. वरवर पाहता त्याच्या नकारात केवढी नम्रता दिसते! गुरूने माझे पाय का धुवावेत? पण आम्हांस वाटते की त्या नकारात उतरंड जपण्याची धडपडही असावी. वरच्याने वर राहावे आणि खालच्याने खाली, म्हणजे उद्या आपण वर गेलो की आपल्यालाही वर राहता येईल. प्रभूने त्याला ठामपणे बजावले की धुऊन घेतल्यावाचून तुला माझ्याबरोबर वाटा नाही. शिष्यत्वाची पहिली अट पाय धुणे ही नव्हती. आपले पाय दुसऱ्याच्या हाती देणे, ही होती.

यानंतर प्रभूने दिलेल्या आज्ञेतील एक शब्द आपण वाचताना ओलांडून जातो. त्याने केवळ लोकांचे पाय धुवा असे सांगितले नाही; एकमेकांचे धुवा, असे सांगितले. या एका शब्दाने सेवेतील सत्तेचे मूळच तुटते. जो आज वाकला, त्याने उद्या बसायचे आहे आणि आपले मळलेले पाय पुढे करायचे आहेत. प्रभूने स्वतः हे आधी केले होते. वल्हांडणाच्या सहा दिवस आधी बेथानीत मरियेने त्याच्या पायांना सुगंधी तेल लावले व ते आपल्या केसांनी पुसले, तेव्हा त्याने पाय मागे घेतले नाहीत. उलट, तिला अडवू पाहणाऱ्याला त्याने थांबवले.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासी बंधूंसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात या ‘एकमेकांचे’ या शब्दाला रोजच्या जगण्याचे रूप मिळाले. स्वयंपाकघरातील सेवा आठवड्याच्या पाळीने करावी. आजार किंवा अत्यंत महत्त्वाचे काम असल्याखेरीज कुणालाही सूट नाही. शनिवारी पाळी संपली की त्या बंधूने हातपाय पुसण्याचे रुमाल धुवावेत, भांडी स्वच्छ करून परत द्यावीत, आणि जाणारा व येणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावेत. महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने सर्वांना विचारासाठी बोलवावे, कारण पुष्कळदा प्रभू अधिक चांगली गोष्ट वयाने लहान असलेल्याला प्रकट करतो, असेही तेथे म्हटले आहे. जी सेवा पाळीने येते, ती पाळीने सोडावीही लागते. भांडी स्वच्छ करून दुसऱ्याच्या हाती देणे हाही सेवेचाच भाग आहे.

ख्रिस्तसभेने हा धडा हळूहळू गिरवला. पोप ग्रेगरी पहिले (५९०–६०४) स्वतःला देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवीत. ती उपाधी पुढे ज्यांच्यापाशी सैन्य आणि राज्य होते अशा पोपांनीही वापरली. केवळ नावाने माणूस सेवक होत नाही. १९६४ साली पोप पॉल सहावे यांनी आपला तिहेरी मुकुट संत पेत्राच्या महामंदिरातील वेदीवर ठेवून दिला. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात देवाच्या प्रजेचे प्रकरण आधी आणि अधिकारश्रेणीचे नंतर ठेवले. १९८३ च्या धर्मसंहितेने बिशपांना व धर्मग्रामप्रमुखांना वयाची ७५ वर्षे पूर्ण होताच राजीनामा सादर करण्यास सांगितले. आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी, या कार्याला लागणारे बळ आता आपल्यात उरले नाही असे सांगून, पद सोडले. त्यांनी आपली भांडी स्वच्छ करून पुढच्याच्या हाती दिली.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यास आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. ज्यांनी आयुष्यभर इतरांसाठी कष्ट उपसले, त्यांनाच अंथरुणावर पडल्यावर सर्वांत जड जाते. सुनेने भरवलेला घास आणि मुलाने पुसलेले अंग त्यांना शिक्षेसारखे वाटते. ‘‘फादर, कुणावर ओझे होण्याआधी देवाने न्यावे,’’ असे ते म्हणतात. त्या वेदनेचा आम्ही आदर करतो. परंतु त्यांना सांगावेसे वाटते की ही देखील तुमची पाळीच आहे. तुम्ही पाय पुढे केले नाहीत, तर तुमच्या मुलांनी प्रभूची आज्ञा पाळावी तरी कुठे?

पवित्र गुरुवारी निवडलेली बारा माणसे घरून पाय स्वच्छ धुऊन, नव्या चपला घालून येतात. विधीची शोभा राखायची, म्हणून ते स्वाभाविकच आहे. पण वर्षाच्या इतर दिवशी तरी आपण मळलेल्या पायांनीच एकमेकांसमोर यावे. धर्मगुरूला त्याची चूक दाखवण्याचे धैर्य लोकांना व्हावे आणि धर्मगुरूने ती ऐकून घ्यावी. जुन्या कार्यकर्त्याने किल्ल्या तरुणांच्या हाती द्याव्यात आणि त्यांची पहिली गडबड शांतपणे पाहावी. वडिलांनी मुलाकडे मदत मागावी. नम्र नेतृत्वाची कसोटी आपण किती जणांची सेवा केली, एवढीच नाही. आपली सेवा करण्याची संधी आपण किती जणांना दिली, हेही प्रभू आपल्याला विचारील.