हात न लावता

आपल्या स्वयंपाकाला हलता हात लागतो. फोडणी परतायची, पिठलं ढवळायचं, काचऱ्या उलथन्याने खालीवर करत राहायच्या. गॅसपाशी नुसतं उभं राहणारा माणूस आपल्याला आळशी वाटतो. ओव्हनमधले बटाटे नेमकं तेवढंच मागतात.

कृती अगदी सोपी. बटाटे सालासकट धुऊन मोठ्या फोडी करायच्या. मिठाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून आठ-दहा मिनिटं उकळायच्या. सोड्याने फोडींच्या कडा विरघळू लागतात. पाणी निथळून पातेलं जरा खडखडवलं की त्या पिठूळ, खडबडीत होतात आणि पुढे तोच खडबडीतपणा कुरकुरीत होतो. मग तेल, मीठ, तिखट चोळून 200 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पाऊण तास. मध्ये एकदाच उलटायच्या. बाकी वेळ दार बंद.

हे बंद दारच आपल्याला जड जातं. झालं का, लागलं का, म्हणून आपण डोकावतो आणि दर वेळी उष्णता बाहेर घालवतो. दुसरी खोड दाटीवाटीची. ट्रे एकच, माणसं सहा, मग फोडी एकमेकींच्या अंगावर चढवायच्या. फोडीतलं पाणी वाफ होऊन निघून जायला जागा हवी. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच घुटमळतं, आणि खमंग तांबूस रंग तर साधारण 140 अंशांच्या पुढे चढतो. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912मध्ये ज्या प्रक्रियेचं वर्णन केलं, तीच ही. पावाची साल आणि भाजलेल्या कॉफीचा वास यांच्यामागेही तीच आहे. गर्दी केली की बटाटे भाजले जात नाहीत, वाफवले जातात. मग दोन ट्रे घ्या, किंवा दोनदा भाजा.

तसं हे हात न लावता भाजणं आपल्याला अगदीच परकं नाही. चुलीच्या फुफाट्यात रताळी पुरून माणसं खुशाल दुसऱ्या कामाला लागत. गॅस आला आणि ती सवय मोडली. आता कितीतरी घरांत ओव्हन म्हणजे कढया ठेवायचं कपाट! त्या कढया आज बाहेर काढा.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. फ्रिजमधले बटाटे नकोत. गारठ्याने त्यांतल्या स्टार्चची साखर होते आणि ते भाजताना लवकर काळे, कडवट होतात. ठेचलेला लसूण शेवटच्या पाच मिनिटांतच घाला, आधी घातला तर करपतो.

ट्रे बाहेर आला की सवयीने वर ताट झाकू नका, कोंडलेल्या वाफेने सगळा कुरकुरीतपणा जाईल. त्यापेक्षा मंडळींना पाच मिनिटं आधी हाक मारा. ‘आलोच’ म्हणून अर्ध्या तासाने येणाऱ्यांना वरण-भात आहेच.